सकाळची शाळा सुटल्यावर एक तास: माध्यमिक शिक्षकांसाठी दहा शनिवारांचा डिजिटल अभ्यास

यू-डायसवर, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी पोर्टलवर, माहिती भरायची शेवटची तारीख जवळ आली की बहुतेक शिक्षक-कक्षांत एकच चित्र दिसतं. एका टेबलाशी ‘ऑनलाइनवाले सर’ बसलेले आणि त्यांच्यापुढे पाच-सहा जणांनी आपापले फोन मांडून ठेवलेले. “सर, तेवढं माझ्या वर्गाचं बघा.” “सर, ओटीपी आलाय, सांगू का?” सर त्रासलेले असतात, पण त्यांना नाही म्हणवत नाही. फोन देणाऱ्याचं काम होतं, आणि पुढच्या वर्षी तोच फोन त्याच टेबलावर येतो.

मी सात-आठ वर्षं असा ऑनलाइनवाला सर होतो. कंटाळून शेवटी आम्ही शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, एक तास बसायला लागलो. प्रशिक्षणं आमची झालीच नव्हती असं नाही. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र जवळपास प्रत्येकाच्या फाईलला आहे, दीक्षा या सरकारी ॲपवर ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्सही झालेत (त्यातले किती व्हिडिओ चालू ठेवून चहा प्यायला गेलो, ते आपलं आपल्याला ठाऊक). अडतं ते एवढ्यावरच की शिकलेलं काम दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने करायची वेळ येत नाही, कारण करून देणारा कोणीतरी शेजारीच बसलेला असतो. म्हणून या लेखात ‘येतं’ या शब्दाचा अर्थ एकच धरला आहे: फोन दुसऱ्याच्या हातात न देता करता येतं.

पहिला शनिवार: शिकवायचं काही नाही, चिठ्ठी भरायची

“तुम्हाला हे येतं का?” असं विचारलं तर सगळे माना डोलावतात. म्हणून विचारायचं नाही, करून पाहायला सांगायचं. आमच्या चिठ्ठीवर ही सात कामं होती:

१. रजेचा पाच ओळींचा अर्ज मराठीत टाइप करून त्याची पीडीएफ करणे.
२. एक कागद फोनवर स्कॅन करून फाईल २०० केबीच्या आत आणणे.
३. फोन हरवला तर आपलं जीमेल खातं परत कसं मिळवाल, ते दाखवणे.
४. ६० मुलांच्या यादीतून ३५ पेक्षा कमी गुण असलेली मुलं वेगळी काढणे.
५. बालभारतीच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचं पुस्तक उतरवून घेणे.
६. फोनवरचा व्हिडिओ वर्गातल्या टीव्हीवर आवाजासह लावणे.
७. ग्रुपवर आलेला एखादा फोटो आजचा आहे की जुना, ते शोधून काढणे.

जमलं तिथे बरोबर, नाही तिथे फुली. चिठ्ठी ज्याची त्याच्याकडेच राहते. आमच्याकडे मुख्याध्यापकांनी आपली चिठ्ठी सगळ्यांदेखत भरली आणि सातपैकी दोनच जमली म्हणून मोठ्याने सांगितलं. त्यानंतर कोणी लपवाछपवी केली नाही.

याच दिवशी एक नियम ठरवायचा: शिकवणाऱ्याने समोरच्याच्या फोनला किंवा माऊसला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं, हवं तर बोटाने दाखवायचं. पहिले दोन आठवडे हे फार जड जातं, शिकवणाऱ्याला जास्त. पीटीच्या सरांना एक फाईल जोडायला अकरा मिनिटं लागली तेव्हा माझे हात अक्षरशः शिवशिवत होते.

दुसरा शनिवार: खाती आणि किल्ल्या

शाळेत दोन प्रकारची खाती असतात, शिक्षकाची आणि शाळेची. ती एकमेकांत मिसळली की पुढे गोंधळ ठरलेला. एका ओळखीच्या शाळेत निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांचाच मोबाइल क्रमांक पोर्टलला जोडलेला राहिला. ते गावी शेतावर असायचे, तिथे रेंज नव्हती. ओटीपी मिळवायला लिपिक मोटारसायकलवरून त्यांच्याकडे जायचा. हे एक-दोनदा नाही, वर्षभर चाललं.

करायचं ते असं. शाळेच्या नावाचं वेगळं ईमेल खातं आणि शाळेच्याच मालकीचं एक सिम घ्या. यू-डायस, विद्यार्थी पोर्टल, शालार्थ (पगाराचं पोर्टल) आणि मंडळाचं संकेतस्थळ यांना कोणता क्रमांक व कोणता ईमेल जोडलेला आहे, याचा एक तक्ता कागदावर करून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवा. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत चाव्या, शिक्के, रोख पुस्तक यांच्याबरोबर हा तक्ताही लिहा. पासवर्ड लिहिलेला कागद संगणकाच्या पडद्याला चिकटवलेला असेल तर तो आजच काढून टाका.

स्वतःच्या खात्यासाठी पासवर्ड लांब हवा, अवघड असायची गरज नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले की ‘शाळेचं नाव आणि १२३’ यापेक्षा कितीतरी भक्कम पासवर्ड होतो, आणि तो लक्षातही राहतो. मग खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री करून घेणारी) चालू करा आणि पर्यायी फोन क्रमांक तपासा. अर्ध्या जणांचा तिथे बंद पडलेला जुना क्रमांक निघतो. गूगलच्या फुकट खात्यात एकूण १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. “मला मेलच येईना” या तक्रारीचं कारण पुष्कळदा स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ असतात.

तिसरा आणि चौथा शनिवार: मराठी टाइप करणं

याला दोन शनिवार द्या, कंजुषी नको. प्रश्नपत्रिका, अहवाल, पालकांना सूचना, सगळं यावर उभं आहे. आधी जुना घोळ समजून घ्या. शाळेच्या संगणकावरची २००८ सालची प्रश्नपत्रिका दुसरीकडे उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कृतिदेव, योगेश अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजी अक्षरंच साठवत असे, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देई. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाईल कुठेही उघडा, ‘क’ हा ‘क’च राहतो. यादीत नाव शोधता येतं आणि अकारविल्हे लावताही येतं. जुन्या फाईली युनिकोडमध्ये बदलून देणारे मोफत परिवर्तक इंटरनेटवर आहेत. मात्र बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची, कारण ते नेमके तिथेच चुकतात.

आता हात कसा बसवायचा? फोनवर जीबोर्डमध्ये (गूगलच्या कळफलक ॲपमध्ये) मराठी भाषा जोडली की तीन मार्ग मिळतात: इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी मिळवणं, थेट मराठी कळफलक, आणि बोटाने पडद्यावर गिरवणं. पन्नाशीपुढच्या आमच्या दोन बाईंना गिरवण्याचा मार्ग एका दिवसात जमला. फळ्यावरचं वळणदार अक्षर तिथे उपयोगी पडलं. बोलून टाइप करण्यासाठी माइकचं चिन्ह आहेच. मराठीच्या बाईंनी आख्खा निबंध बोलून काढला आणि मग पाऊण तास विरामचिन्हं घालत बसल्या, पण तरी वेळ वाचला म्हणतात.

संगणकावर विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून फोनेटिक कळफलकही (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी देणारा) आलेला आहे. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत येता-जाता येतं. महिन्याला दोन-चार पानंच टाइप करायची असतील तर फोनेटिक पुरे. रोजचं काम असेल तर माझं मत इनस्क्रिप्टकडे, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकाकडे आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आहेत. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरली की ख. ‘डी’वर हलन्त. तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं दिली तर कळफलकाकडे बघावं लागत नाही.

फोनेटिकमध्ये सगळ्यात जास्त छळतो तो अर्धा र. ‘आचार्यांना जेवण द्या’ आणि ‘आचाऱ्यांना जेवण द्या’ यांत सत्काराचे पाहुणे आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ दाबा, मग हलन्त, मग य: ऱ्य तयार.

सरावासाठी खोटा मजकूर नको. प्रत्येकाने आपल्या विषयाची येत्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिकाच टाइप करायची. गणित-विज्ञानवाल्यांनी वर्डमध्ये ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबावं, समीकरणाची चौकट उघडते. अपूर्णांक तिरप्या रेघेने लिहून मुलांना कोड्यात टाकायची गरज उरत नाही. शेवटी फाईल छापायला पाठवायची ती पीडीएफ करूनच, म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर फॉन्ट बदलून ओळी घसरत नाहीत.

पाचवा शनिवार: फाईल सापडली पाहिजे

हा शनिवार लवकर आटपतो. फाईलच्या नावात वर्ष, इयत्ता, तुकडी, विषय आणि काम असावं: ‘२०२५-२६_९ब_इतिहास_सत्र१’. ‘नवीन फायनल खरोखर फायनल’ असलं नाव नको. कागदपत्राचा साधा फोटो न काढता गूगल ड्राइव्ह ॲपमधलं स्कॅन वापरा, ते कडा कापतं, सावली घालवतं आणि थेट पीडीएफ देतं. आकार कमी हवा असेल तर रंगीत ऐवजी कृष्णधवल निवडा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद पुसट होतो, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.

सहावा आणि सातवा शनिवार: गुणांची शीट

इथे शिक्षकाचा सर्वांत जास्त वेळ वाचतो आणि चुकाही इथेच सर्वांत महागात पडतात. एक्सेल घ्या नाहीतर गूगल शीट, खालच्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत.

पहिली गोष्ट, क्रमांकांची. विद्यार्थी पोर्टलवरचा स्टुडंट आयडी १९ अंकी आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक धरतं आणि पुढचे शून्य करून टाकतं. तुम्ही आयडी चिकटवला, फाईल जतन केली, की सगळ्या मुलांच्या आयडीच्या शेवटी चार शून्यं. मूळ अंक परत मिळत नाहीत. आम्ही एकदा दोन तुकड्यांचे आयडी असे घालवले आणि पुन्हा पोर्टलवरून एकेक उतरवून घेतले. उपाय साधा आहे: चिकटवण्याआधी तो रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. बँक खातं, आधार, यू-डायस क्रमांक यांनाही हेच लावा. ज्या क्रमांकांची कधी बेरीज करायची नाही, ते शीटच्या दृष्टीने मजकूर असले पाहिजेत.

दुसरी, जन्मतारखेची. ०५/०७/२०११ म्हणजे ५ जुलै की ७ मे? संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर तो ७ मे समजतो. १२ तारखेपुढचं उलटं करता येत नाही, म्हणून तेवढ्या तारखा मजकूर म्हणून पडून राहतात आणि अर्धी यादी बरोबर, अर्धी चूक असा गुंता होतो. सेटिंगमध्ये भारत निवडलेला आहे ना, हे आधी बघा, आणि उतरवलेल्या यादीतल्या पाच मुलांच्या तारखा जनरल रजिस्टरशी ताडून पाहा.

तिसरी, गैरहजर मुलाची. शून्य लिहायचं नाही, ‘गैह’ लिहायचं. सरासरीचं सूत्र मजकूर सोडून देतं, त्यामुळे वर्गाची सरासरी खरी येते. शून्य लिहिलं तर न बसलेला मुलगा बसून नापास झाल्यासारखा मोजला जातो. मात्र एकूण गुण काढताना रकान्यांमध्ये अधिक चिन्ह घालून बेरीज केलीत तर ‘गैह’मुळे चूक दाखवली जाते. तिथे ‘सम’ हे सूत्र वापरा. गुण इंग्रजी अंकांत भरा, मराठी अंकांना शीट बऱ्याचदा मजकूर समजते आणि बेरीज शून्य येते.

आता सरावाचा क्रम. आपल्या वर्गाची यादी घ्या. वरची ओळ आणि नावाचा रकाना गोठवा, म्हणजे खाली सरकलं तरी नाव दिसत राहतं. ‘सम’ने एकूण, ‘ॲव्हरेज’ने सरासरी काढा. ‘काउंटइफ’ वापरून ३५ च्या खाली किती मुलं आहेत ते मोजा. मग सशर्त रंग लावा, ३५ च्या खालचा चौकोन आपोआप लाल झाला पाहिजे. शेवटी फिल्टर लावून तेवढीच मुलं वेगळी काढा.

आणि इथे थांबून त्या यादीकडे जरा बघा. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी प्रश्ननिहाय गुण भरले तेव्हा लाल रंग मुलांच्या आडव्या ओळींत न दिसता एकाच उभ्या रकान्यात दाटला होता. पत्रलेखन आख्ख्या वर्गाचं गेलं होतं. ते धडे स्नेहसंमेलनाच्या गडबडीत राहून गेले होते, हे त्यांनीच सांगितलं.

हातात कॅल्क्युलेटर घेऊन शीटची बेरीज पडताळणाऱ्यांना हसू नका. पहिल्या सत्रात दहा मुलांचं तसं पडताळणं योग्यच आहे, सूत्र एक ओळ चुकलेलं असू शकतं.

आठवा शनिवार: वर्गात दाखवायचं ते

आधी फॉर्मची चाचणी. गूगल फॉर्मच्या सेटिंगमध्ये प्रश्नमंजूषा चालू केली की बहुपर्यायी प्रश्न आपोआप तपासले जातात. एका शब्दाच्या उत्तराला मात्र हा मार्ग घेऊ नका. उत्तर अक्षरशः जुळावं लागतं, त्यामुळे ‘प्रकाशसंश्लेषण’ बरोबर आणि ‘प्रकाश संश्लेषण’ चूक ठरतं. हजेरी क्रमांक यादीतून निवडायला द्या, नाहीतर एकच मुलगा चार तऱ्हेने नाव लिहितो. घरी फोन नसलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात, म्हणून फॉर्मचे गुण अंतिम निकालात धरू नका. सरावापुरताच वापर ठेवा.

आता वर्गातला टीव्ही. इंटरनेट चालेल या भरवशावर तास आखायचा नाही. आदल्या दिवशी सगळं उतरवून, एचडीएमआय केबल लावून, मागच्या बाकावर बसून आवाज ऐकून बघायचा. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षावरचं साहित्य मिळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडायची कल्पना राबवली, २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, हे आपल्याला माहीत असतंच. पण आपल्याच पुस्तकातला कोड शेवटचा कधी उघडला होता, असं मी विचारलं तेव्हा शिक्षक-कक्षात शांतता झाली.

विज्ञानासाठी माझी पहिली पसंती फेट. कोलोराडो विद्यापीठाचे हे परस्परसंवादी प्रयोग मोफत आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीत आहेत आणि एकेक फाईल उतरवून इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालवता येते. नववीला धाराविद्युत शिकवताना परिपथ जोडणीचा प्रयोग लावा आणि विद्युतदाब दुप्पट करण्याआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला सांगा. आधी अंदाज, मग पडदा. हा क्रम उलटा झाला की तो नुसता सिनेमा होतो. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील आहेत. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं आहेत, त्यात ॲमेझॉनचं जंगल माशाच्या काट्यासारखं कापलं जाताना दिसतं. मग तिथूनच आपल्या तालुक्यावर या. धरणाचं पाणी आणि वाढलेलं गाव बघून मुलं जी बडबड करतात, ती थांबवू नका.

नववा शनिवार: मुलांची माहिती आणि आपली अब्रू

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. वर्गाच्या ग्रुपवर मुलांची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँक पासबुकं सर्रास मागवली जातात. म्हणजे ६० घरांची कागदपत्रं ६० फोनमध्ये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल ‘बालक’ धरलं आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. कागदपत्रं ग्रुपवर नको, वर्गशिक्षकाकडे खाजगी संदेशाने किंवा प्रत्यक्ष घ्या, नोंद झाली की फोनमधून पुसा. आधारचा पूर्ण क्रमांक लागत नसेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं. ड्राइव्हवरची यादी ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी ठेवू नका, ज्याला हवी त्याच्या ईमेलला द्या आणि नुसतं पाहण्याचा अधिकार द्या. मुलींचे फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवू नका. कौतुक करायचं असेल तर शाळेच्या खात्यावरून, पालकांना विचारून करा.

लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून ‘एपीके’ (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल येते, ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, ॲप कधीच नसते. पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

फोटो खरा की जुना, हे बघायला गूगल लेन्समध्ये तो टाकून आधी कुठे छापला होता ते शोधा. दुहेरी बाण असलेला व्हॉट्सॲप संदेश म्हणजे अनेकांनी पुढे ढकललेला. तो खोटाच असतो असं नाही, पण शिक्षकाने पाठवला की पालक त्यावर शिक्का बसल्यासारखा विश्वास ठेवतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल थोडंच सांगतो. वीस बहुपर्यायी प्रश्नांचा कच्चा खर्डा किंवा सूचनापत्राचं प्रारूप ती पटकन करून देतात. पण चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. स्वतःच्या गावाचा इतिहास विचारून पाहा, लगेच अंदाज येईल. प्रत्येक उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून मगच छापा, आणि मुलांची नावं-गुण तिथे चिकटवू नका.

दहावा शनिवार

पहिल्या दिवसाची चिठ्ठी काढायची आणि तीच सात कामं पुन्हा करायची. फुल्या उरतील, त्यांची जोडी लावा: ज्याला शीट येते त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचं, हात न लावण्याचा नियम कायम ठेवून. ज्यांना प्रश्नपत्रिका स्वतः टाइप करता येते त्यांनी यापुढे लिपिकाकडे हस्तलिखित द्यायचं नाही, असं शिक्षक-सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा.

मग पुढची माहिती मागवली जाईल त्या दिवशी ऑनलाइनवाल्या सरांनी किरकोळ रजा टाकायची. आमच्याकडे मी ती टाकली, फोनही बंद ठेवला. संध्याकाळी चालू केला तेव्हा तीन मिस्ड कॉल होते. तिन्ही पीटीच्या सरांचे, आणि शेवटी त्यांचाच संदेश: “झालं. फाईल जोडायला चार मिनिटं लागली.”